दोघांनाही मान्य असा साक्षीदार

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले गाव. १ जुलै २०१८ च्या रविवारी तिथे आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली पाच माणसे त्या दिवशी गावात आली. भिक्षा मागत गावे फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या भागातल्या मोबाइलवर आधीपासून फिरत होता. त्यांच्यापैकी कुणी एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले आणि मारून टाकण्यात आले. त्याच दिवशी, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, याच अफवेपायी एका कुटुंबावर मोठा जमाव चालून गेला. त्यांच्यात एक लहान मूलही होते. तिथे स्थानिक रहिवाशांनी त्यांना आसरा दिला, पोलीस पोचले आणि ती माणसे वाचली. अफवा तीच होती, दिवस तोच होता, मोबाइलवरचा मजकूरही त्याच जातीचा होता. मालेगावात संशयित आणि जमाव यांच्यामध्ये उभे राहणारे कुणी तरी निघाले. राईनपाड्यात, ज्या खोलीत गावाच्या नोंदी ठेवल्या जातात आणि गावाच्या वतीने दाखले दिले जातात, त्याच खोलीत माणसे मेली. ध्रुवीकरण, इको चेंबर (आपलीच मते परत ऐकवणारे कोंडाळे) आणि कारस्थानाच्या कथा या विषयाकडे वळताना मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

या विषयावर आपल्याकडे एक सोयीचे स्पष्टीकरण रूढ झाले आहे. लोक अडाणी आहेत, खरी माहिती त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ते वाटेल त्यावर विश्वास ठेवतात. माहिती पोचवा, शिक्षण वाढवा, प्रश्न सुटेल. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, आणि धोकादायकही. माझे म्हणणे असे आहे की माणसे कारस्थानाच्या कथांना बळी पडतात ती मुख्यतः माहितीच्या टंचाईने नव्हे. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ज्याचा शब्द मान्य आहे असा साक्षीदार समाजात उरला नाही, की अशा कथा माजतात. न्यायालय, शाळा, इस्पितळ, वर्तमानपत्र, निवडणूक यंत्रणा, गावातला एखादा जाणता माणूस, ही सारी अशा साक्षीदारांचीच रूपे आहेत. राजकीय मतभेद तीव्र होणे म्हणजे ध्रुवीकरण नव्हे. मतभेद मिटवण्यासाठी ज्याच्याकडे जायचे, तोही ‘आपला’ की ‘त्यांचा’ याच मापाने मोजला जाऊ लागतो, तेव्हा ध्रुवीकरण पुरे होते. तिथून पुढे प्रत्येक पुरावा हा पुरावा देणाऱ्याच्या पक्षाचा पुरावा ठरतो.

अडाणीपणाचे स्पष्टीकरण किती तोकडे आहे, हे दोन वर्षांनी पालघर जिल्ह्यात दिसले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीला निघालेल्या दोन साधूंची आणि त्यांच्या गाडीच्या चालकाची गडचिंचले गावाजवळ जमावाने हत्या केली. चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरतात, या अफवेने त्या भागातले लोक आधीपासून पहारे देत होते. ही पहिली कथा दुर्गम पाड्यांवरची, भीतीतून जन्मलेली. मात्र हत्येची चित्रफीत बाहेर पडताच दुसरी कथा जन्माला आली, ती शहरांत: हे एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या साधूंविरुद्ध रचलेले कारस्थान आहे. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि तिच्यात एकही मुसलमान नाही हे सांगितले. तरीही कथा मिटली नाही. तिच्यातला खलनायक तेवढा बदलला आणि मिशनऱ्यांचा हात, डाव्यांचा हात असे नवे पाठ निघाले. दुसऱ्या बाजूने, पोलिसांच्या डोळ्यांदेखत हे घडलेच कसे हा रास्त प्रश्न विचारणाऱ्यांनाही द्वेषाचे प्रचारक ठरवण्याची घाई काहींनी केली. या दुसऱ्या टप्प्यात बोलणारे बहुतेक लोक शिकलेले होते, त्यांच्या हाताशी वर्तमानपत्रे होती, यादी होती. उणीव माहितीची नव्हती. यादी देणारे सरकार कुणाचे आहे, हा प्रश्न यादीत काय आहे यापेक्षा मोठा झाला होता.

साक्षीदारावरचा हा अविश्वास मोबाइलने आणला असेही नाही, हे समजायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे सुरू झाले, आणि वदंता उठली की इस्पितळात माणसांना मारतात व त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पुण्यात वॉल्टर रँड या गोऱ्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोरे सोल्जर घराघरांत, माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरून तपासणी करू लागले. सामान बाहेर फेकले जाऊ लागले, बायाबापड्यांची विटंबना झाल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मोमियाईची वदंता खोटी होती. पण ज्या सत्तेने तुमच्या आजारी आईला तुमच्या देखत उचलून नेले, जिच्या इस्पितळात गेलेली माणसे बहुधा परत येत नव्हती आणि जिच्याकडे दाद मागायची सोय नव्हती, तिच्याबद्दल सर्वांत वाईट ते खरे मानणे हे त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहिले तर मूर्खपणाचे दिसत नाही. त्याला वैद्यकशास्त्र कळत नव्हते हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे हे की, आत काय चालते हे पाहून येऊन त्याला सांगेल असे त्याच्या विश्वासातले कुणी त्या इस्पितळात नव्हते.

त्या साथीचा उत्तरार्ध आपण फारसा आठवत नाही, आणि या विषयासाठी तोच अधिक उपयोगी आहे. सरकारने पुढे सक्ती सैल केली. निरनिराळ्या जातीजमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, स्थानिक माणसांना तपासणीच्या कामात घेतले, लस टोचणे ऐच्छिक ठेवले. रोग लगेच हटला नाही, पण इस्पितळांबद्दलचा हिंस्र संशय ओसरत गेला. लोकांना नवे ज्ञान झाले म्हणून असे घडले नाही. आत जाऊन बघू शकणारी आपली माणसे त्यांना मिळाली होती. त्याच साथीत पुण्याजवळ दत्तकपुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारी फतव्यांनी जो विश्वास मिळाला नसता, तो रुग्णाला स्वतः उचलून आणणाऱ्या माणसाला मिळतो, कारण त्या माणसाने आपला जीव त्याच पारड्यात टाकलेला असतो. अफवेशी लढण्याचे तंत्र शोधणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींकडे बघावे: सक्ती कमी झाली, आणि मध्ये माणसे उभी राहिली.

यावर पहिला आक्षेप येईल तो तंत्रज्ञानाचा. तेव्हाची वदंता एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला दिवस घेत असे. आज ती क्षणात देशभर जाते, आणि आपल्याला आवडेल तेच दाखवणारे अल्गोरिदम प्रत्येकाला त्याच्या बुडबुड्यात बंद करते. या आक्षेपाचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या, तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळली, आणि हे काम स्वयंचलित खात्यांनी (बॉट्सनी) नव्हे तर माणसांनीच केलेले होते. वेग खरा आहे. मात्र बुडबुड्याची कल्पना तपासणीत तितकी टिकलेली नाही. एली परायसर यांनी २०११ मध्ये ‘फिल्टर बबल’ची चर्चा सुरू केली, तेव्हा ती पटणारी होती. २०१७ मध्ये बॉक्सेल, गेन्ट्झको आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की अमेरिकेत ध्रुवीकरण सर्वांत जास्त वाढले ते वृद्धांमध्ये, म्हणजे इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्यांमध्ये. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरणाऱ्या काहींच्या पडद्यावरचे अल्गोरिदम काढून त्यांना मजकूर निव्वळ काळाच्या क्रमाने दाखवण्यात आला. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या राजकीय मतांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा प्रयोग तर याच्याही पुढचा आहे. त्यांनी लोकांना महिनाभर ट्विटरवर विरोधी बाजूची मते वाचायला लावली. रिपब्लिकन मतदार त्यामुळे मवाळ झाले नाहीत, उलट आपल्या मतांत अधिक कडवे झाले.

म्हणजे आपण दुसऱ्या बाजूचे ऐकतच नाही, असे नाही. आपण ते भरपूर ऐकतो, पण कुणाकडून आणि कोणत्या रूपात ऐकतो, हा खरा प्रश्न आहे. विरोधकांतल्या सर्वांत उर्मट माणसाचे सर्वांत वाईट वाक्य आपल्यापर्यंत पोचते, तेही आपल्याच गटातल्या कुणी तरी संतापाची जोड देऊन पाठवलेले. भारतात तर ही गोष्ट अधिक ठळक आहे, कारण आपल्याकडे अफवांची मुख्य वाट व्हॉट्सॲप ही आहे, आणि तिथे कोणता मजकूर कुणाला दाखवायचा हे ठरवणारे अल्गोरिदम नसते. मजकूर निवडतो तो मामा, शेजारी, शाळेतला वर्गमित्र, सोसायटीचा सचिव. आपण त्या माणसाला ओळखतो, त्याने अडीअडचणीला केलेली मदत आपल्याला आठवते, आणि त्याच्यावरचा हा कमावलेला विश्वास न तपासलेल्या मजकुरावर आपोआप चढतो. २०१८ मध्ये भारतभर फिरलेल्या मुले पळवण्याच्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती; शेवटचा खुलासा कापून ती पुढे ढकलली गेली होती. ज्याने ती शेवटी पाठवली, त्याने ती कापली नव्हती. त्याला मुलांची काळजीच होती. या अफवांमुळे देशात वीसहून अधिक माणसे मारली गेल्यावर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे ती जगभर लागू केली. हे योग्यच झाले. वेग कमी झाला की विचाराला सवड मिळते. पण ज्याच्या शब्दावर ती सवड वापरायची, तो माणूस कुठून आणायचा, हे कोणतीही कंपनी सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विशेषतः महाराष्ट्रात घेतला पाहिजे. ध्रुवीकरणाची तक्रार ही बऱ्याचदा सुखवस्तूंची तक्रार असते. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी आवाज चढवला की ‘समाज दुभंगतो’ असे म्हणण्याची सोय त्यातून होते, आणि अन्याय करणारा व सोसणारा एकाच रांगेत बसवले जातात. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच मतभेदाची तीव्रता हे ध्रुवीकरणाचे माप मी मानत नाही. आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढले, तेव्हा टिळकांशी त्यांचा वाद अत्यंत कडवट होता; पुण्यात विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तो काळ सौम्य नव्हता. डॉ. आंबेडकरांनी महाडला आणि ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पाक्षिकात जे मांडले, त्याने सवर्ण समाज ढवळून निघाला, आणि निघायलाच हवा होता. मात्र या वादांत मांडणी कागदावर होती, नावानिशी होती; समोरच्याचे वाक्य उचलून त्याचे खंडन करता येत होते. आंबेडकरांनी तर महाडच्या चवदार तळ्याचा प्रश्न रस्त्यावर लढवला, तसाच न्यायालयातही लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. ज्या व्यवस्थेने त्यांच्या समाजाला शतकानुशतके नाकारले, तिच्यातल्याच साक्षीदाराला त्यांनी पुराव्याने बोलायला भाग पाडले. दुर्बलाला अशा साक्षीदाराची गरज बलवानापेक्षा जास्त असते. जिथे कुणाचाच शब्द प्रमाण नाही, तिथे ज्याचा जमाव मोठा त्याची कथा खरी ठरते. राईनपाड्यात मेलेली माणसे भटक्या जमातीतली होती, हे याचेच उदाहरण आहे.

तिसरा आक्षेप असा की कारस्थाने खरोखर होतात, मग संशय घेणे हा दोष कसा? होतात, यात वाद नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ पासून १९७२ पर्यंत अलाबामातल्या टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचारावाचून ठेवले, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, रोग पुढे काय करतो ते पाहण्यासाठी. हे कुणी सांगितले असते तर ते अविश्वसनीय कारस्थानच वाटले असते. पण ते उघडकीस कसे आले, हे पाहा. खात्यातच काम केलेल्या पीटर बक्स्टन यांनी आधी आत तक्रारी केल्या, मग कागद पत्रकाराकडे दिले, असोसिएटेड प्रेसने १९७२ मध्ये बातमी छापली, चौकशी झाली, प्रयोग थांबला. खरे कारस्थान मर्यादित असते, ते कागद मागे ठेवते, त्यात सामील माणसे कधी तरी बोलतात, आणि त्याबद्दलचा आरोप खोटा ठरू शकेल अशा शब्दांत मांडता येतो. कारस्थानाची कथा याच्या उलट वागते. २०२० च्या निवडणुकीत मते चोरली गेली या दाव्यावर अमेरिकेत साठच्या आसपास खटले चालले आणि जवळपास सगळे फेटाळले गेले. फेटाळणाऱ्या न्यायाधीशांत दावा करणाऱ्या अध्यक्षांनीच नेमलेलेही होते. त्यामुळे दावा मागे घेतला गेला नाही. उलट न्यायाधीशही कटात सामील ठरवले गेले, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेवर चालून गेला. संशय घेणारा माणूस पुराव्याची वाट पाहतो. कारस्थानाच्या कथेत अडकलेला माणूस विरुद्ध पुरावा देणाऱ्याला आरोपींच्या यादीत घालतो. टस्कीगीचा आणखी एक धडा आपल्या सगळ्या संस्थांनी लक्षात ठेवायला हवा. त्या एका विश्वासघाताने डॉक्टरांवरचा काळ्या समाजाचा विश्वास कित्येक दशके जखमी राहिला. खोटे बोललेल्या संस्थेला, लोक आपल्यावर विश्वास का ठेवत नाहीत, असे विचारण्याचा अधिकार उरत नाही.

मग साक्षीदार सरकारने नेमावा का? हा मोह मोठा आहे, आणि तो आपल्याकडे प्रत्यक्षात आजमावला गेला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाला देण्याचे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निकालाने ती तरतूद घटनाबाह्य ठरली. कायद्याच्या कारणांइतकेच एक व्यवहारी कारणही त्या निकालाच्या बाजूने आहे. ज्या वादात सरकार स्वतः पक्षकार आहे, त्यात सरकारने नेमलेला साक्षीदार विरोधी बाजूला कधीच मान्य होणार नाही. त्याने खरे सांगितले तरी ते सरकारी खरे ठरेल. पालघरच्या यादीचे नेमके हेच झाले होते. उलट बाजूने, खासगी कंपन्यांच्या हाती हा अधिकार दिला तरी तोच प्रश्न उभा राहतो, कारण त्यांचा नफा लोकांच्या संतापावर चालतो. साक्ष मान्य व्हायची तर साक्षीदाराला दोन्ही बाजूंकडून काही मिळवायचे नसावे, आणि त्याचे काम कुणालाही तपासता यावे.

असे साक्षीदार घडवण्याची एक रीत महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बुवाबाजीचे चमत्कार खोटे आहेत असे नुसते सांगितले नाही. तेच चमत्कार गावच्या चौकात करून दाखवले आणि बघणाऱ्यांपैकी कुणाला तरी पुढे बोलावून त्याच्या हातूनही करवले. त्यात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे आवाहन नव्हते, ‘तुम्हीच करून बघा’ हे होते. या कामाचे मोल किती आणि त्याची किंमत काय, हे २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांच्या खुनाने दाखवले. हीच रीत राजकीय संशयाला लावता येते. मतदार यादी गावसभेत मोठ्याने वाचली गेली, तर तिच्याबद्दलच्या शंकेला वाव कमी राहतो. पोलिसांनी घटनेनंतर तासाभरात स्थानिक भाषेत, नावानिशी, जेवढे माहीत आहे तेवढेच सांगितले, आणि चूक निघाल्यास तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्त केले, तर पुढच्या वेळी त्यांचे ऐकले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी पगारी, प्रशिक्षित बातमीदार टिकला, तर गावातल्या अफवेला गावातच उत्तर मिळते. तो गेला की ती जागा फॉरवर्ड केलेला मजकूर घेतो. यांतली एकही गोष्ट झटपट फळ देणारी नाही. प्लेगच्या काळातही विश्वास वर्षांच्या हिशेबाने परत आला होता.

या विषयावर वाचणाऱ्या वाचकाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कारस्थानाच्या कथा वाचताना विरोधी बाजूच्या कथा ओळखणे सोपे जाते, म्हणून सुरुवात आपल्या बाजूच्या कथांपासून करावी. आपल्याला आवडलेल्या एका दाव्याविषयी स्वतःला विचारावे: हा दावा खोटा आहे असे नेमके कुणी सांगितले, तर मी ते मान्य करीन? असे एकही नाव, एकही संस्था आठवत नसेल, तर आपला दावा खरा असूनही आपणही कारस्थानाच्या कथेतच अडकलो आहोत. आणि असे नाव आठवत असेल, तर त्या माणसाला, त्या संस्थेला टिकवण्यासाठी आपण काय करतो, हा पुढचा प्रश्न. आपल्याच बाजूला न आवडणाऱ्या सत्यासाठी जो न्यायाधीश, बातमीदार, शिक्षक किंवा शेजारी किंमत मोजतो, त्याच्या पाठीशी त्याच्या विरोधकांनीही उभे राहायला हवे, कारण पुढच्या वेळी जमाव कुणाच्या दारात येईल हे आज कुणालाच सांगता येत नाही.